सात वाजताची मालिका मध्येच बंद झाली; आईला काय सांगावे?

बोरीकाठ | ३ ऑगस्ट, रात्री ९.१०

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची असून तिला लिहिता-वाचता येत नाही. गेले दीड वर्ष ती रोज संध्याकाळी सात वाजता एक मराठी मालिका न चुकता पाहत होती. मालिकेचे आणि वाहिनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला भांडण करायचे नाही, विचारायचे आहे.

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारचा भाग असा संपला: नायिकेचे वडील वारलेले आहेत, तिचा काका शेताची कागदपत्रे पिठाच्या डब्यात खोल खुपसून वरून पीठ सारखे करतो, ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते पाहते, आणि तिचा चेहरा तीन बाजूंनी तीनदा दाखवला जातो. सोमवारी सात वाजता त्याच वाहिनीवर वेगळे घर, वेगळी सून आणि वेगळे शीर्षकगीत होते. आईला आधी वाटले की मीच चुकीचे बटण दाबले. नंतर चार-पाच दिवस ती रोज विचारत राहिली, "आज बी नही का?" आणि आता विचारते, "त्या पोरनं काय व्हयनं रे?" म्हणजे त्या मुलीचे काय झाले.

अखेर मीच शेवट रचला. काका पकडला गेला, मुलीचे चांगल्या घरात लग्न झाले, सगळे सुखाने नांदू लागले. छत्तीस वर्षे मुलांना गोष्टी सांगितल्या आहेत, त्यामुळे सांगण्यात मी कमी पडलो नसेन. आईने पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाली, "खोटं बोलस तू."

वाहिन्या असे का करतात, आणि चालू मालिका अर्ध्यात तोडली तर पाहणाऱ्याला काही विचारण्याचा हक्क आहे की नाही, हे जाणकारांनी सांगावे. आपल्या भागातील इतरांच्या घरीही असे झाले असेल तर तेही लिहावे.

केळीचे_घड | ३ ऑगस्ट, रात्री ९.३२

गुरुजी, चेहरा तीनदाच दाखवला म्हणजे ती मालिका आधीपासूनच आजारी होती. धडधाकट मालिकेत तो किमान सहा वेळा दाखवतात आणि मागे वीज कडाडते.

भुसावळ_जंक्शन | ३ ऑगस्ट, रात्री १०.०५

आमच्या पिढीला मालिका संपणे माहीत होते, तुटणे फारसे माहीत नव्हते. दूरदर्शनच्या काळात प्रायोजित मालिकेला तेरा, सव्वीस, बावन्न अशा हिशेबाने भागांची मंजुरी मिळत असे. आठवड्याला एक भाग, म्हणजे तेरा भागांत एक तिमाही भरली. त्यामुळे कथा लिहितानाच तिला कुंपण घातलेले असे. ‘हम लोग’ जुलै १९८४ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर १९८५ मध्ये संपली. शेवटच्या भागाच्या आधीपासून रेल्वे वसाहतीतल्या आमच्या चाळीत सर्वांना ठाऊक होते की आता निरोप घ्यायचा आहे.

उलट उदाहरणही त्याच काळातले आहे. ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाले तेव्हा ते बावन्न भागांचे ठरले होते. लोकांनी असे डोक्यावर घेतले की ते अठ्ठ्याहत्तर भागांपर्यंत गेले. जुलै १९८८ मध्ये ते संपले, तेव्हा उत्तरकांडही दाखवा या मागणीसाठी उत्तर भारतात वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप केला आणि पुढे लव-कुशाचा भाग आला. कथा पूर्ण दाखवा म्हणून लोकांनी झाडू खाली ठेवल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

सातपुडा_वारा | ४ ऑगस्ट, सकाळी ७.४८

मत वेगळे आहे, राग मानू नये. बहुतेक मालिका मध्येच तोडल्या तर प्रेक्षकांवर उपकारच होतील. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिने तीन हजारांहून अधिक भाग केले. ती सुरू झाली तेव्हा माझी मुलगी बालवाडीत जात होती आणि संपली तेव्हा तिचे बारावीचे वर्ष आले होते. नावात मात्र चारच दिवस होते. ज्या कथेला मुळात शेवट ठरवलेलाच नाही, ती कुठे तोडली याने काय फरक पडतो? दोरी कुठूनही कापली तरी दोरीच राहते.

पडद्यामागे | ४ ऑगस्ट, दुपारी २.१५

गुरुजी, मी मूळचा चाळीसगावचा. बारा वर्षे गोरेगावात मालिकांच्या संकलनाचे काम करतो. तुमची मालिका माझ्याकडे नव्हती, पण ती कशी गेली असेल हे मी अंदाजाने सांगू शकतो, कारण अशा तीन मालिकांचे शेवटचे भाग मी जुळवले आहेत.

प्रत्येक गुरुवारी सकाळी मागल्या आठवड्याचे प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. हा आठवडा शनिवारपासून शुक्रवारपर्यंतचा धरतात. ‘बार्क’ ही संस्था २०१५ पासून हे मोजमाप करते. निवडक घरांतील संचांना यंत्र जोडलेले असते आणि वाहिनीच्या आवाजात मिसळलेल्या, कानाला न कळणाऱ्या खुणेवरून कोणती वाहिनी लागली आहे हे ते ओळखते. ग्रामीण घरांचे आकडे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून येऊ लागले, आणि मालिकांमध्ये शेत, वाडा, बैलजोडी एकाएकी का वाढली याचे उत्तर काही अंशी त्यात आहे. गुरुवारी सेटवर कोणी मोठ्याने बोलत नाही. निकालाच्या दिवशी शाळेत असते तसे वातावरण असते.

आकडा सलग काही आठवडे घसरला की पहिला उपाय कथेवर होतो: अपघात, स्मृतिभ्रंश, जुळी बहीण. दुसरा उपाय वेळेवर होतो. मालिका साताहून साडेसहाला किंवा रात्री अकराला ढकलली गेली की सेटवरचा चहावालासुद्धा नवे काम शोधू लागतो. तिसरा उपाय म्हणजे फोन. हा फोन कधी महिनाभर आधी येतो, कधी पंधरा दिवस आणि कधी त्याहूनही कमी. तोपर्यंत लेखकाने पुढच्या तीन महिन्यांचा आराखडा मान्य करून घेतलेला असतो. मग त्या तीन महिन्यांचे आठ भाग करायचे. खलनायिका दीडशे भाग विष कालवते आणि एका भागात, जाहिराती वगळून बावीस मिनिटांत, तिला पश्चात्ताप होतो. मी एकदा असा पश्चात्ताप सव्वाचार मिनिटांत बसवला आहे. तिच्या डोळ्यांतले पाणी येण्याआधीच पुसले गेले, कारण मधला तुकडा कापावा लागला.

तुमच्या आईंच्या मालिकेला मात्र ते आठ भागही मिळालेले दिसत नाहीत. असे क्वचित होते. बहुधा हाती तयार भाग शिल्लक नव्हते आणि नवी मालिका सोमवारी सुरू करायची जाहिरात आधीच झाली होती. डब्यात लपवलेल्या कागदांचे पुढे काय करायचे हे लेखकाच्या वहीत नक्की असेल. ते चित्रित झाले नसेल, एवढेच.

सातपुडा_वारा | ४ ऑगस्ट, दुपारी २.४०

सव्वाचार मिनिटांचा पश्चात्ताप आमच्या गावच्या सोसायटीच्या निवडणुकीतल्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे.

गिरणाकाठची | ४ ऑगस्ट, रात्री ८.५०

सातपुडादादा, दोरीची उपमा मला पटली नाही. सगळ्या मालिका दोरी नसतात. सोनी मराठीवर ६ जानेवारी २०२० पासून ‘सावित्रीजोती’ ही जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांवरची मालिका सुरू झाली होती. तिची कथा कोणा लेखकाला वाटेल तशी ताणता येणारी नव्हती. तिला आरंभ होता, मध्य होता आणि इतिहासाने ठरवून दिलेला शेवटही होता. मार्चमध्ये टाळेबंदी आली, सर्वच चित्रीकरणे थांबली, जुलैच्या सुमारास पुन्हा भाग सुरू झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती प्रेक्षकसंख्येअभावी बंद झाली. मी पाचोऱ्याला शाळेत शिकवते. आमच्या वर्गातल्या मुली त्या मालिकेबद्दल बोलत असत. ताणायला नको त्या वर्षानुवर्षे ताणल्या जातात आणि पूर्ण व्हायलाच हव्यात त्या वर्षाच्या आत उचलल्या जातात, हे मला अजून सलते.

पडद्यामागे | ४ ऑगस्ट, रात्री ९.२०

ताई, सल खरी आहे. पण एक प्रश्न विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. त्या वेळी तुमच्या घरच्या दूरदर्शन संचावर ती मालिका रोज लागलेली असे का?

गिरणाकाठची | ४ ऑगस्ट, रात्री १०.३५

उत्तर द्यायला तासभर घेतला, कारण उत्तर सोयीचे नाही. नसे. त्या वेळेला सासूबाईंची दुसरी मालिका लागत असे आणि मी ‘सावित्रीजोती’चे भाग रात्री भांडी झाल्यावर फोनवर, तेही आठवड्याचे तीन-चार एकदम पाहत असे. मुलीही बहुधा तसेच करत असतील. आमच्या घरी यंत्र असते तरी त्यात सासूबाईंचीच आवड नोंदली गेली असती. मालिका बंद झाली तेव्हा मी फार हळहळले होते. ती बंद होण्यात आमच्या घराचा खारीचा वाटा होता, हे आज प्रथमच लिहिते आहे.

अनेर | ५ ऑगस्ट, सकाळी ६.३०

ताई, तुम्ही लिहिलेत तरी. आम्ही बाकीचे हळहळून मोकळे होतो.

धुळे_ते_जर्सी | ५ ऑगस्ट, सकाळी ९.०५

मी धुळ्याचा, सध्या अमेरिकेत असतो. इकडे मालिका मध्येच बंद पडणे हा नियमच आहे म्हटले तरी चालेल, आणि त्यामुळे त्याची एक पद्धत ठरून गेली आहे. मोठ्या वाहिन्यांचा हंगाम सप्टेंबरपासून मेपर्यंत असतो. नव्या मालिकेचे साधारणपणे तेरा भाग मागवतात. चालली तर आणखी नऊ मागवून बावीस करतात, आणि नाही चालली तर तेराही दाखवत नाहीत. ‘फायरफ्लाय’ नावाची अंतराळातली मालिका २००२ च्या सप्टेंबरात सुरू झाली. चौदा भाग तयार होते, अकरा दाखवले आणि डिसेंबरात बंद केली. गंमत अशी की कथेची सुरुवात सांगणारा पहिला भाग वाहिनीने सर्वांत शेवटी दाखवला. गुरुजी, तुमच्या आईंना निदान सुरुवात तरी सुरुवातीला पाहायला मिळाली.

प्रेक्षकांनी मालिका परत आणल्याचीही उदाहरणे आहेत. ‘स्टार ट्रेक’ दुसऱ्या हंगामानंतर बंद होणार अशी कुणकुण लागताच पत्रांचा पाऊस पडला, १९६८ मध्ये तिसरा हंगाम मिळाला आणि १९६९ मध्ये एकोणऐंशी भागांवर ती थांबली. २००७ मध्ये ‘जेरिको’ बंद झाली तेव्हा चाहत्यांनी वाहिनीच्या कार्यालयात टनावारी शेंगदाणे पाठवले, कारण शेवटच्या भागात एक पात्र शरणागती नाकारताना ‘नट्स’ हा शब्द उच्चारते. वाहिनीने सात भाग आणखी दिले. त्यानंतर पुन्हा बंद केली.

केळीचे_घड | ५ ऑगस्ट, सकाळी ९.३१

टनावारी शेंगदाणे? आम्ही रावेरहून केळीचा एक ट्रक भरून पाठवू शकतो. भाव पडलेले असले की तसाही तो कुठेतरी पाठवायचाच असतो. गुरुजींनी फक्त पत्ता द्यावा.

आता जरा गंभीरपणे. आपल्याकडे मालिका वाहिनीने तोडण्याच्या पुष्कळ आधी भारनियमनाने तोडलेल्या आहेत. २००६-०७ च्या सुमारास आमच्या गावाला बारा-बारा तास वीज नसे, आणि वेळापत्रक दर आठवड्याला बदले. आठवड्यातले सहा भाग असतील तर दोन दिसत. मधल्या चार भागांत कोणाचे लग्न झाले, कोण तुरुंगात गेले हे कळायला मार्ग नसे. आमच्या गल्लीत एक काकू होत्या, त्यांचे माहेर जवळच्या कारखान्याच्या वसाहतीत होते आणि तिथे वीज जात नसे. त्या दर सोमवारी माहेराहून आल्या की ओट्यावर बसून चारही भाग सांगत. बायका गहू निवडत ऐकत. पुढे भारनियमन कमी झाले, सर्वांना सगळे भाग दिसू लागले, तेव्हा माझी आजी म्हणाली होती की मालिकेत आता पूर्वीची मजा राहिली नाही. काकू स्वतःच्या पदरचे काय काय घालत होत्या हे तेव्हा उघड झाले. एका मालिकेतला दीर मुळात वाईट नव्हताच. तो काकूंच्या स्वतःच्या दिरावर बेतलेला होता.

भुसावळ_जंक्शन | ५ ऑगस्ट, दुपारी १२.१०

केळीभाऊंच्या काकूंना कोणत्याही वाहिनीने लेखिका म्हणून घ्यायला हरकत नव्हती.

भारनियमनावरून आठवले. २०१९ च्या सुरुवातीला वाहिन्यांचे नवे दर लागू झाले. शंभर वाहिन्यांसाठी एकशे तीस रुपये आणि वर कर, शिवाय सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. माझ्या बहिणीच्या घरी वरणगावला जावयाने हिशेब करून दोन वाहिन्या काढून टाकल्या. बहीण पाहत होती ती मालिका त्या महिन्यात तिच्यापुरती संपली. शेजारी मात्र ती आणखी वर्षभर चालली होती आणि भिंतीपलीकडून शीर्षकगीत ऐकू येत असे.

वकील_शहादेकर | ५ ऑगस्ट, रात्री ९.४५

हक्काचा प्रश्न कोणीच हाताळला नाही म्हणून लिहितो. गुरुजी, करार असतो तो वाहिनी आणि निर्मिती संस्था यांच्यात. प्रेक्षक त्यात पक्षकार नसतो. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ २००० पासून चालू होती. २००८ मध्ये ती बंद करण्यावरून वाहिनी आणि निर्मात्यांत वाद झाला तो थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये अठराशेहून अधिक भागांनंतर ती संपली. त्या भांडणात लाखो प्रेक्षकांना कोणी काही विचारले नाही, आणि कायद्याने विचारण्याची गरजही नव्हती.

प्रेक्षकाला तक्रार करता येते ती काय दाखवले याबद्दल. काय दाखवले नाही याबद्दल नव्हे. २०१७ च्या जुलैत सोनीवर ‘पहरेदार पिया की’ सुरू झाली. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचे तरुणीशी लग्न त्यात दाखवले होते. लोकांनी हरकत घेतली, तक्रार परिषदेने रात्री उशिराची वेळ द्यायला सांगितले आणि ऑगस्टच्या अखेरीस वाहिनीने मालिकाच काढून टाकली. म्हणजे प्रेक्षक मालिका बंद पाडू शकतो, पण चालू ठेवायला लावू शकत नाही. कायद्याच्या दृष्टीने तुमच्या आईंचा काहीही हक्क बुडालेला नाही. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण सल्ला विचारला होता.

अनेर | ६ ऑगस्ट, सकाळी ६.१५

वकीलसाहेबांचे म्हणणे मान्य. कायद्याच्या आधीची एक गोष्ट मात्र आपल्याकडे आहे. आमच्या गावी सप्ताह बसतो. पावसाने मांडव कोसळला, बुवा आजारी पडले, काहीही झाले तरी काल्याचे कीर्तन झाल्याशिवाय सप्ताह उठत नाही. श्रावणात पोथी लावली तर घरात सुतक आले तरी दुसऱ्याकडून वाचून घेऊन ती पूर्ण करतात. व्रताच्या कहाण्या तर शेवट काय आहे हे सांगूनच संपतात: ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. साठ उत्तरे नसतील तर पाच द्या, पण संपूर्ण म्हणा, एवढी सवलत त्या कहाणीतच दिलेली आहे. पडद्यामागेभाऊंचा सव्वाचार मिनिटांचा पश्चात्ताप म्हणजे तेच. गुरुजींच्या आई याच ऐकण्यात वाढलेल्या आहेत. त्यांना पाच उत्तरेही मिळाली नाहीत, म्हणून त्या अडून बसल्या आहेत.

आणि उलट उदाहरणही सांगून ठेवतो. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी, लोक आवडीने पाहत असतानाच, रीतसर संपवली गेली. आमच्या घरी तिच्याबद्दल कोणीही तक्रार केली नाही.

गिरणाकाठची | ६ ऑगस्ट, सकाळी ८.४०

गुरुजी, वाहिनीने मालिका संपणार असल्याची काहीच सूचना दिली नव्हती का? एरवी ‘शेवटचे काही भाग’ असे दाखवतात.

बोरीकाठ | ६ ऑगस्ट, सकाळी ११.२०

ताई, तुमच्या प्रश्नानंतर शेजारच्या मुलाला विचारले. तो म्हणाला की शेवटच्या तीन-चार दिवसांत पडद्याच्या तळाशी पट्टी सरकत होती: सोमवारपासून सात वाजता नवी मालिका. आईला वाचता येत नाही. मी त्या वेळी फिरायला जातो. पट्टी तिच्या डोळ्यांसमोरून तीन-चार दिवस गेली आणि तिने ती पाहिली, इतकेच. मोठ्याने कोणी बोलले असते तर तिला कळले असते.

पडद्यामागे | ६ ऑगस्ट, दुपारी १.०५

गुरुजी, ती पट्टी आमच्यापैकीच कोणीतरी बसवतो. ती कोण वाचत नाही याचा विचार मी कधी केला नव्हता.

एक विचारू का? तुम्ही सांगितलेला शेवट त्यांना खोटा का वाटला? काका पकडला गेला, मुलीचे लग्न झाले; आम्हीही आठ भागांत नेमके हेच केले असते.

सातपुडा_वारा | ६ ऑगस्ट, दुपारी १.३०

म्हणूनच खोटा वाटला असेल.

केळीचे_घड | ६ ऑगस्ट, दुपारी १.३४

सातपुडादादा, आज तुम्ही पहिल्यांदा बरोबर बोललात. तरी आमचा ट्रक उभाच आहे.

बोरीकाठ | ९ ऑगस्ट, रात्री १०.५०

पडद्यामागे यांचा प्रश्न तीन दिवस डोक्यात होता. काल कानबाईच्या सणाच्या रोटांसाठी घरी दळण चालले होते. पुतणसुना गव्हाचे पीठ चाळत होत्या आणि आई बाजूला बसून पाहत होती. मी तिला विचारले की मी सांगितलेल्या गोष्टीत तुला खोटे काय वाटले. तिने डब्याकडे बोट केले आणि विचारले की कागदांचे काय झाले ते तू सांगितलेच नाहीस.

खरेच सांगितले नव्हते. काकाला अटक आणि मुलीचे लग्न यांत मी कागद विसरून गेलो होतो. लग्न, सासर, सुख यातले तिने एकदाही विचारले नव्हते. "त्या पोरनं काय व्हयनं" याचा अर्थ मी लग्नाचे काय झाले असा घेत होतो. ती विचारत होती की शेत मुलीच्या नावावर लागले की नाही.

मग ती सहज म्हणाली, "मनं नाव शे का रे कोठे?" माझे नाव आहे का कुठे, असे. आईचे माहेर पारोळा तालुक्यातले. तिला तीन भाऊ आणि एक बहीण. आजोबा वारले तेव्हा मी शाळेत होतो. त्या शेताबद्दल तिच्या तोंडून मी आजवर एक शब्द ऐकला नव्हता.

अनेर | १० ऑगस्ट, सकाळी ६.०५

गुरुजी, चालू सातबारा संकेतस्थळावर पाहता येतो, पण जुना फेरफार आणि त्यामागची कागदपत्रे तिथे न सापडल्यास तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्यांची नक्कल मागून घ्यावी लागते. गाव, गट क्रमांक आणि आजोबांच्या निधनाचे साल बरोबर न्यावे.

वकील_शहादेकर | १० ऑगस्ट, सकाळी १०.२०

नक्कल मिळाल्यावर मला खासगी निरोप पाठवावा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा दिलेला आहे, पण त्या काळी बहिणींकडून हक्कसोड लिहून घेण्याची रीत घरोघर होती. आधी कागद पाहू. इथे आणखी लिहू नये.

पडद्यामागे | १० ऑगस्ट, रात्री ११.४०

मी आज त्या मालिकेच्या लेखक-चमूतल्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला. नाव सांगणार नाही. वहीत काय होते असे विचारले. तो म्हणाला की कागद डब्यातच राहणार होते, कारण पुढच्या आठवड्यात नायिकेला शहरात पाठवायचे ठरले होते आणि तिकडे नवा नायक येणार होता. डब्याकडे परत यायचे कोणाच्या मनात नव्हते. गुरुजी, मालिका चालू राहिली असती तरी तुमच्या आईंना उत्तर मिळाले नसते.

गिरणाकाठची | ११ ऑगस्ट, सकाळी ७.१५

डबा दाखवला तो कशाला मग?

पडद्यामागे | ११ ऑगस्ट, सकाळी ७.५०

ताई, शनिवार होता. शनिवारी काहीतरी लपवावेच लागते.

बोरीकाठ | २९ ऑगस्ट, रात्री ८.३०

नक्कल मिळाली. फेरफार १९७४ चा आहे. तिन्ही भावांची नावे लागली आहेत आणि खाली ‘बहिणींनी राजीखुशीने हक्क सोडला’ असे लिहिले आहे. सोबतच्या जबाबावर दोन अंगठे आहेत. उजवीकडचा आईचा.

संध्याकाळी मी तिला तो कागद वाचून दाखवला. अंगठा कुठे आहे ते दाखवल्यावर तिने त्यावर बोट ठेवून पाहिले. भावाच्या घरी कशासाठी तरी अंगठा दिल्याचे तिला आठवते. कशासाठी ते तेव्हा कोणी वाचून दाखवले नव्हते. मामा तिघेही आता नाहीत, त्यांच्या मुलांशी आमचे येणे-जाणे चांगले आहे, आणि वकीलसाहेबांनी सुचवलेले काही करायचे नाही असे आईने स्वतः सांगितले.

मालिकेबद्दल मात्र तिने निकाल दिला आहे. ती मुलगीही शेवटी अंगठा देणार होती, असे ती म्हणते. पुतणसून म्हणाली की ती मालिकेतली मुलगी शिकलेली आहे, सही करेल. त्यावर आई म्हणाली, "मंग सही करती."

सात वाजता तिने मला बटण दाबायला सांगितले. नवीन मालिका लागली होती. तिने सून कोणती आणि सासू कोणती एवढे विचारून घेतले.